आप्पांचा दाखला

प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं ते कैदेतून. पत्र चारच अध्यायांचं, आणि लिहिणारा बेड्यांत असूनही सगळा सूर आनंदाचा. चौथ्या अध्यायाच्या तोंडाशी मात्र पौल अचानक दोन बायकांची नावं घेतो आणि बायांनो, जरा एकमेकींशी जमवून घ्या, अशी विनवणी करतो. युवदीया आणि सुंतुखे. त्या काळी पत्र आलं की ते सगळ्या मंडळीसमोर मोठ्याने वाचलं जायचं. म्हणजे या दोघी तिथेच कुठेतरी बसलेल्या असणार, बहुधा दोन टोकांना, आणि वाचणाऱ्याने घसा खाकरून, नजर पत्रावरच ठेवून ती नावं उच्चारली असणार. या दोघींनी सुवार्तेसाठी माझ्या खांद्याला खांदा लावून कष्ट केलेत, हेही पौल लगेच पुढे सांगतो. ते कोणाच्या लक्षात राहत नाही. जवळजवळ दोन हजार वर्षं जगभरच्या भाषांत त्यांचं भांडण तेवढं छापून येतंय. भांडणाचं कारण पौलाने लिहिलं नाही. माझी खात्री आहे की ते चहावरून झालं असणार. तेव्हा चहा नव्हता हे मला माहीत आहे. चहाच्या जागी जे काही असेल त्यावरून.

खुद्द पौलही काही कमी नव्हता. मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून त्याची आणि बर्णबाची अशी जुंपली की दोघे दोन वाटांनी निघून गेले. पुढे म्हातारपणी पौलानेच लिहिलं की मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगी पडतो. बर्णबा यावर काय म्हणाला त्याची नोंद नाही. आमच्या मंडळीत असता तर वार्षिक सभेत ती नोंद करून घेतल्याशिवाय तो खाली बसला नसता.

वाचक ख्रिस्ती नसतील तर त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: आपल्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा दर रविवारी भरते आणि मधूनमधून प्रार्थना होते, अशी कल्पना करा. फरक इतकाच की सोसायटीतला फ्लॅट विकता येतो. मंडळीतून जायचं कुठे? आजोबांची कबर इथे, आईवडिलांचं लग्न इथल्या रजिस्टरात, आणि ज्या माणसामुळे जावंसं वाटतं तो आपल्या मेव्हण्याच्या सासऱ्यांचा चुलतभाऊ.

त्या माणसाला आपण आप्पा म्हणू. आप्पा एकच नाहीत. लेखाच्या सोयीसाठी अनेक मंडळ्यांतले आप्पा मी एकत्र कालवले आहेत. तेव्हा वाचताना कोणाला आपलेच काका दिसले तर तो योगायोग नव्हे, संख्याबळाचा परिणाम आहे.

उपासना साडेनऊला. आप्पा पावणेनऊला हजर. वॉचमनने दार उघडलेलं नसलं तरी बिघडत नाही, कारण किल्ली आप्पांकडे असते, वॉचमनकडे नसते. डावीकडून तिसरा बाक, पंख्याखाली, खांबाच्या अलीकडे. खांबाच्या पलीकडून पाळकसाहेब दिसत नाहीत, आणि पाळकसाहेबांना आप्पा दिसणं अत्यंत आवश्यक असतं. संदेश अर्ध्या तासापुढे गेला की आप्पा मनगट वर करून घड्याळ बघतात. तेवढ्याने भागलं नाही तर घड्याळ काढून कानाला लावतात. एकदा पाळकसाहेबांनी उपासनेनंतर हसत हसत विषय काढला, तर आप्पांनी प्रेषितांची कृत्ये उघडली. त्रोवसात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. “पौलाच्या उपदेशात माणूस गेला होता, पाळकसाहेब.”

“पण तो पुन्हा जिवंत झाला ना, आप्पा.”

“पौल होता म्हणून.”

आप्पांच्या बाकावर दुसरं कोणी बसत नाही हे आमच्यातल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. पण बदली होऊन गावात आलेल्या एका नव्या जोडप्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. ती दोघं बसली. आप्पा येऊन शेजारी उभे राहिले. बोलले काहीच नाहीत. पहिलं गीत झालं तेव्हा सगळेच उभे होते म्हणून निभावलं. गीत संपून सगळे बसले आणि आप्पा उभेच. त्या दोघांना वाटलं हे स्वागत समितीचे. त्यांनी उठून हस्तांदोलन केलं, सलाम केला, आपण कुठले, कोणाचे, सगळं सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठल्याचा फायदा घेऊन बसले. याकोबाने आपल्या पत्रात बजावून ठेवलंय की सोन्याची अंगठी घातलेला कोणी सभेत आला म्हणून त्याला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी, असं करू नका. पाऊण तास आधी येऊन जागा धरणाऱ्याबद्दल याकोब काहीच म्हणत नाही. आप्पांनी तो अध्याय नीट तपासलेला आहे.

गाण्याचं तर विचारूच नका. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक. त्यात साहेबी चालींवरची गीतं आहेत, आणि आपल्या मातीतली पदं, भजनंही आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची तर कितीतरी. चाल कुठलीही असो, आप्पा अर्धी मात्रा मागे. पेटीवाला त्यांच्यासाठी थांबला तर आप्पाही थांबतात, अर्धी मात्रा उशिरा. हल्ली तरुण संघाने कीबोर्ड, ड्रम आणि प्रोजेक्टर आणलाय. पुस्तक उघडायचं काम राहिलं नाही, शब्द थेट भिंतीवर. आप्पा तरीही दर गीताला ओरडतात, “क्रमांक सांगा!” मग पोरांनी कोपऱ्यात क्रमांक टाकायला सुरुवात केली. तेव्हापासून आप्पा ऱ्हस्व-दीर्घ तपासतात. एका रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत ‘पित्या’च्या जागी कोणीतरी ‘पित्त्या’ टाइप केलं. सगळी मंडळी डोळे मिटून शांत उभी, आणि त्या शांततेत आप्पांचा आवाज: “पित्त नव्हे, पिता!” शेजारच्या काकूंनी डोळे न उघडता पर्समधून गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

चूक होती का? होती. आप्पांची खरी अडचण हीच की ते बहुतेक वेळा बरोबर असतात. चुकलेल्या माणसाला क्षमा करता येते. बरोबर असलेल्याला कशी करायची, याची सोय कुठल्याच शास्त्रात नाही.

हा स्वभाव आला कुठून याचा मी थोडा विचार केलाय, आणि मला वाटतं दोष अमेरिकेचा आहे. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत आले आणि 1831 साली नगरला मिशनचं काम सुरू झालं. हे लोक काँग्रिगेशनल परंपरेतले. त्यांच्यात बिशप नाही, वरून हुकूम नाही. त्या त्या ठिकाणच्या मंडळीने सभा घ्यायची आणि आपलं आपण ठरवायचं. आमच्या पणजोबांना त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं, आणि त्याबरोबरच सूचक, अनुमोदक, इतिवृत्त, दुरुस्ती, हरकत हेही शिकवलं. नगर जिल्ह्यातल्या ज्या महार-मांग घरांतल्या माणसांना गावच्या चावडीत बोलायची सोय नव्हती, त्यांना इथे उभं राहून “अध्यक्ष महाराज, माझी हरकत आहे” असं म्हणता येऊ लागलं. त्यामुळे आप्पा हात वर करून उठतात तेव्हा त्यांच्यामागे तीन-चार पिढ्यांची हौस उठलेली असते. हे समजून घेतलं की राग बराच उतरतो. मुद्दा मात्र तेवढाच लांब राहतो.

त्यात 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. याची बोलणी 1929 साली सुरू झाली होती. 41 वर्षं! तान्ह्या बाळाला पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणारे एकीकडे, मोठं होऊन विश्वास कबूल केल्यावर पाण्यात बुडवून देणारे दुसरीकडे. शेवटी दोन्ही चालेल असं ठरलं. ज्यांनी हे घडवून आणलं त्यांच्या चिकाटीला मी मनापासून सलाम करतो, कारण आमच्या कमिटीत उपासनेनंतरच्या चहाबरोबर बिस्किट की खारी हे अजून ठरायचंय. आप्पा तेव्हा कॉलेजात होते. ते एकीकरण त्यांनी तात्पुरती व्यवस्था म्हणून स्वीकारलं आणि आजतागायत त्यांचं तेच मत आहे. ‘आमच्या मिशनमध्ये असं नव्हतं’ हे त्यांचं पालुपद. मिशनमध्ये दिवे वेळेवर लागत. मिशनमध्ये चपला रांगेत असत. ‘ज्ञानोदय’ 1842 पासून निघतंय आणि त्यातले कित्येक जुने अंक आप्पांच्या माळ्यावर पुरावा म्हणून बांधून ठेवलेले आहेत. कशाचा पुरावा ते प्रसंगानुसार ठरतं.

गेल्या वर्षी कमिटीने ठरवलं की कीबोर्ड आणि ड्रमला जागा हवी म्हणून डावीकडचे बाक एक फूट मागे सरकवायचे. आप्पांनी लेखी हरकत घेतली, सोबत टेपने मोजून काढलेला नकाशा. कमिटीने समजूत काढायचं काम माझ्यावर टाकलं. मी म्हटलं, शास्त्राप्रमाणेच जाऊ. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या अगदी स्पष्ट दिल्या आहेत. भाऊ चुकला तर आधी एकट्याने जाऊन, दोघांतच, त्याला दाखवून द्यायचं. ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना साक्षीला न्यायचं. तरीही ऐकलं नाही तर मंडळीला सांगायचं. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परका किंवा जकातदार समजायचं.

एका संध्याकाळी एकटाच गेलो. आप्पांच्या घरच्या काकूंनी पोहे केले होते. आप्पांच्या पुढ्यात पवित्र शास्त्र, मत्तय अठरा उघडून, खूण घालून तयार. “मीच निघालो होतो तुमच्याकडे,” आप्पा म्हणाले, “तुमची चूक दाखवायला. आलात ते बरं झालं, रिक्षाचे पैसे वाचले.” पोहे चांगले होते. एवढं सोडून त्या भेटीतून काही निघालं नाही.

दुसऱ्या पायरीला दोन साक्षीदार नेले. एक आप्पांचे व्याही, दुसरे आमचे खजिनदार. मंडपाच्या भाड्यात 40 रुपयांचा फरक का, असं आप्पांनी मागच्या सभेत विचारल्यापासून खजिनदार दुखावलेले होते. ते व्याह्यांना म्हणाले की तुम्ही तेव्हा गप्प का बसलात. व्याही म्हणाले की फरक होताच. तासाभराने आप्पा दोघांची समजूत काढत होते आणि मी काकूंबरोबर स्वयंपाकघरात शेंगा सोलत होतो.

तिसऱ्या पायरीची, म्हणजे मंडळीला सांगायची, गरजच पडली नाही. मी पहिल्यांदा आप्पांच्या गल्लीत वळलो तेव्हाच मंडळीला कळलं होतं.

राहिला जकातदार. आता जकातदारांशी येशूचं वागणं कसं होतं? त्यांच्या पंगतीला बसून जेवायचा; त्यावरूनच तर लोक नावं ठेवायचे. खुद्द मत्तय जकातीच्या नाक्यावरून उठून आलेला. तेव्हा शेवटच्या पायरीचा अर्थ माझ्या मते आप्पांना जेवायला बोलवा असाच निघतो. घरी हे समजावून सांगितल्यावर बायको म्हणाली, “स्वयंपाक कोणी करायचा ते मत्तयाने लिहिलंय का?”

आप्पा जेवायला आले. जेवताना म्हणाले, त्याच अध्यायात पुढे बघा. पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर येतं, सातच्या सत्तरपट. आप्पांनी उभी हयात सरकारी हिशेबखात्यात काढलेली. हात आमटीतच ठेवून त्यांनी मांडलं: 490. आठवड्याला एक अपराध धरला तर नऊ वर्षं आणि वर पाच महिने. “तुमच्या कमिटीचं खातं भरत आलंय,” ते म्हणाले आणि भात मागितला.

बाक शेवटी सहा इंच सरकले.

धीर धरणं हा सद्गुण आहे असं वचनात सांगितलंय, आणि पाळकसाहेबही वर्षातून एकदा त्यावर बोलतात. माझा अनुभव असा की धीराला सद्गुण म्हणून हात घातला की तो पुढच्या रविवारी संपतो. त्याला हातोटी म्हणून शिकावं लागतं. आप्पांचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप आला तर रात्री ऐकायचा नाही. सकाळी, दाढी करताना, तोंडाला फेस असताना ऐकायचा, म्हणजे लगेच उत्तर देता येत नाही. ‘आप्पा, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण’ असं वाक्य कधी सुरू करू नये. ‘पण’ येणार हे त्यांना ‘आप्पा’लाच कळतं. त्यापेक्षा ‘आप्पा, मिशनच्या काळी हे कसं करायचे हो?’ असं विचारावं आणि खुर्ची ओढून घ्यावी. वीस मिनिटं जातात. पण त्या वीस मिनिटांत कुठेतरी, एखाद्या मडमेच्या आठवणीत, ते स्वतःच आपल्या बाजूचा दाखला देऊन बसतात आणि मग त्यांना मागे फिरता येत नाही. मतदान मात्र घेऊ नये. मतदानात आप्पा हरतात, आणि हरलेले आप्पा हे उभ्या आप्पांपेक्षा अवघड असतात.

या कलेचा मराठीतला सगळ्यात मोठा ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून ती भागाभागाने आली. त्यांचे यजमान, ते गीतांवाले टिळक, म्हणजे मोठा कवी, उदार, तापट, लहरी. आज काय करतील याचा उद्यापर्यंत भरवसा नाही. 1895 साली ते ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी. मधली वर्षं त्या बाईने काय सोसलं ते पुस्तकात आहे, आणि नवल हे की ते वाचताना माणूस हसतो. नवऱ्याला ती देवही करत नाही आणि खलनायकही करत नाही. फक्त तो काय म्हणाला आणि त्यावर आपण काय म्हणालो, ते जसंच्या तसं सांगते. दर पाळकाला दीक्षा देताना हे पुस्तक हातात ठेवावं असं माझं मत आहे. कमिटी-सेक्रेटरीला तर त्याची परीक्षाच असावी.

दुसरा उपाय जर्मनीतला. डीट्रिख बोनहोफर 1935 पासून फिंकनवाल्ड इथे हिटलरला न जुमानणाऱ्या मंडळीसाठी होतकरू पाळक घडवत होता. तिथे त्याने एक नियम घातला होता: जो भाऊ समोर नाही त्याच्याविषयी बोलायचं नाही. दोन वर्षांनी गेस्टापोने ती शाळा बंद पाडली. आमच्याकडे हा नियम लागू केला तर गेस्टापोची गरज पडणार नाही. उपासनेनंतर आवारात जो चहा होतो तो या एकाच विषयावर चालतो. नियम आला तर लोक कप हातात घेऊन नुसते एकमेकांकडे बघतील आणि थेट घरी जातील. एक महिना करून बघावं असं मी सुचवलं होतं. आप्पांनी पाठिंबा दिला. बाकीच्यांनी हाणून पाडलं.

अर्थात आप्पांहून अवघड माणसं असतात. आमच्यात एक सिस्टर आहेत, त्यांना दर बुधवारच्या प्रार्थनेत प्रभू काहीतरी दाखवतो. आप्पांशी निदान नियमावर वाद घालता येतो. सिस्टरांना थेट वरून आदेश येतो, मग अपील कुठे करणार? नाताळच्या नाटकात मरीया कोणी व्हायचं यावर कमिटी डोकं खाजवत होती. सिस्टर म्हणाल्या, प्रभूने मला दाखवलं. प्रभूने दाखवलेली मुलगी त्यांची भाची निघाली. पाळकसाहेब छताकडे बघत राहिले. मी चहा ढवळत राहिलो. अशा वेळी कोण उठणार? आप्पाच. “सिस्टर, प्रभूने मलाही दाखवलं,” ते म्हणाले, “पण ठरावाला अनुमोदन मिळालेलं नाही.” त्या दिवशी सगळी कमिटी आप्पांकडे ज्या नजरेने बघत होती ती पुन्हा कधी दिसली नाही.

इथे रीतीप्रमाणे मी लिहायला हवं की आप्पा वरून फणसासारखे आणि आत गोड गरे. तसं काही नाही. आप्पा आतूनही तसेच आहेत. आजारी माणसाला भेटायला जातात ते खरं, पण तिथेही सलाइनचे थेंब मोजतात, आणि प्रार्थनेला लागले की बाटली संपून नर्स दोनदा येऊन जाते. कब्रस्तानात कोणती कबर कोणाची हे सगळ्या गावात त्यांनाच माहीत. कोणी गेलं की रात्री-अपरात्री टॉर्च घेऊन तेच जागा दाखवायला येतात. त्याच वेळी मयताच्या मुलाला हेही सांगतात की तुमच्या वडिलांची तीन वर्षांची वर्गणी बाकी आहे.

पण एक सांगतो. आमच्या मंडळीच्या आवाराला लागून एका शेजाऱ्याने पत्र्याची शेड टाकली. दर पावसाळ्यात ती शेड आमच्या बाजूला थोडी सरकायची. कोणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही तरुण, सुशिक्षित, समजूतदार माणसं, शेजाऱ्याशी कशाला वाकडं घ्या म्हणणारी. शहरातल्या जुन्या मिशनच्या जमिनींचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. जागा ट्रस्टच्या नावावर असते, जुने ट्रस्टी वारतात, धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट कोणी भरत नाही, आणि एके दिवशी कंपाउंडमध्ये बिल्डरचा माणूस फीत घेऊन उभा असतो. आमच्याकडे फीत घेऊन आधी आप्पा उभे राहिले. बाक मोजलेली तीच टेप. त्यांनी माळ्यावरून गठ्ठे काढले, सिटी सर्व्हेचा नकाशा काढला, प्रॉपर्टी कार्डाची नक्कल मिळवली आणि दर सोमवारी सरकारी कचेरीच्या बाकावर जाऊन बसू लागले. तिथल्या कारकुनाने त्यांना उद्या या म्हटलं. आप्पा उद्या गेले. परवा या म्हटलं, परवा गेले. ज्या माणसाला आम्ही इतकी वर्षं टाळायला शिकलो होतो तो आता त्या कारकुनाच्या समोर रोज पावणेनऊला हजर होता, कचेरी उघडायच्याही आधी. मला त्या कारकुनाची खरोखर दया आली. शेड हलली.

शेड हलली त्या रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर आभार मानले. आप्पा उठून म्हणाले की आभाराचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

वार्षिक सभा झाली की दर वर्षी आप्पा दाखला मागतात. सभासदाने दुसऱ्या मंडळीत जायचं तर हा दाखला लागतो: अमुक अमुक इसम आमच्या पूर्ण सहभागितेत आहे, त्याला आपल्या काळजीत घ्यावं. “द्या माझा दाखला,” आप्पा म्हणतात, “मी चाललो.” पहिल्या वेळी नवीन सेक्रेटरी घाबरला आणि काकूंना फोन करून रडवेला झाला. आता पद्धत बसली आहे. सेक्रेटरी नम्रपणे म्हणतो, “आप्पा, अर्ज लेखी लागतो.” आप्पा घरी जाऊन अर्ज लिहितात. दुसऱ्या रविवारी आणतात, बाकावर बसून पुन्हा एकदा वाचतात आणि त्यात त्यांना स्वतःचीच एखादी चूक सापडते, कधी तारीख, कधी ऱ्हस्व-दीर्घ. चुकीचा अर्ज दाखल करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. ते तो दुरुस्त करायला घरी नेतात. तोवर पावसाळा लागतो, पत्रे गळायला लागतात आणि कॉन्ट्रॅक्टरवर लक्ष ठेवायला कोणीतरी लागतंच.

तेव्हा आसपासच्या सर्व मंडळ्यांना या लेखाद्वारे कळवतो की आप्पांचा दाखला आमच्याकडे टाइप करून, शिक्का मारून तयार आहे. ज्यांना हवा त्यांनी लेखी मागणी करावी. तो जानेवारीनंतर मिळेल, कारण नाताळाची चांदणी कोणत्या तारेवर लागते हे त्यांनाच माहीत आहे आणि प्रभुभोजनाच्या रसासाठी काळ्या मनुका भिजत घालायचं काकूंकडे असतं. आणखी एक अट आहे: बदल्यात तुमचे आप्पा आमच्याकडे पाठवू नयेत.